पाचफुटी टब, चार दिवसाआड पाणी आणि पोरांची सुट्टी: सोलापूरचा आमचा रिव्ह्यू

टब घेतला नवी पेठेत, साडेअकराशेला. दुकानदार चौदाशेवर अडून बसलेला, मग दादानं "अबे, पुण्याची बहीण हाय म्हणून कापूलालास का बे" असं सुरू केलं आणि अडीचशे कमी करूनच थांबला. पायानं मारायचा पंप वेगळा, दीडशे. निळा टब, तीन कडी, बाजूला मासे छापलेले, बॉक्सवर हसणारं गोरं बाळ. घरी आणला आणि आईनं बॉक्सकडं बघून एकच वाक्य टाकलं, "चार दिवसाआड पाणी येतंय हितं, आणि तू पोहायचा तलाव घेऊन आलीस?"

थोडं आमच्याबद्दल सांगते म्हणजे रिव्ह्यू कुणाच्या कामाचा आहे ते कळेल. मी पुण्यात, माहेर सोलापूर. दरवर्षी परीक्षा संपली की पोरांना घेऊन यायचं, नवरा शनिवारी येणार आणि सोमवारी पळणार. थोरली सात वर्षांची, धाकटा चारचा, आणि दादाचा पोरगा सहाचा, म्हणजे घरात तीन. आई-आप्पा साठीच्या पुढचे. मे महिना, बाहेर ४२. पुण्यातल्या मैत्रिणींना सांगितलं की त्या म्हणतात सोलापुरात उन्हाळ्यात जाऊन करता काय, तर हे सगळं त्यांच्यासाठी आणि माझ्यासारख्या माहेरवाशिणींसाठी, ज्यांना आईच्या हातचं खायचंय पण दुपारी तीन वाजता पोरांचं करायचं काय हा प्रश्न आहे.

आता टबचं गणित. बाहेरून पाच फूट म्हणजे आतून चारच फूट होतो, हे बॉक्सवर लिहीत नाहीत. पोरांच्या गुडघ्यापर्यंत पाणी म्हणजे वीतभर, आणि वीतभर भरायला सव्वादोनशे लिटर लागतं, म्हणजे पंधरा लिटरच्या पंधरा बादल्या. मी मोजल्या नाहीत, आप्पांनी मोजल्या. आप्पा रिटायर्ड माणूस, त्यांनी संध्याकाळी वहीच काढली. पाणी यायच्या दिवशी टाकी, पिंप, हंडे सगळं भरून झाल्यावर शेवटी टब भरायचा. त्यात दोन दिवस खेळायचं. खेळून झालं की तेच पाणी बादलीबादलीनं काढून अंगण धुवायला, संडासला, आणि उरलेलं जांभळाच्या झाडाला. म्हणजे जास्तीचं पाणी जवळजवळ लागलंच नाही, जे पाणी तसंही लागणार होतं ते आधी पोरांच्या अंगावरून गेलं एवढंच. आईचा विरोध इथं निम्मा मावळला. दोन दिवसांच्या वर मात्र पाणी साठवून ठेवायचं नाही. डेंग्यूचा डास असल्याच स्वच्छ साठलेल्या पाण्यात अंडी घालतो, टब आठवड्यातून एकदा तरी कोरडा ठणठणीत करून पालथा घालाच. आणि पाणी वीतभर असलं तरी चार वर्षांच्या पोराला एकटं सोडून फोन घ्यायला आत जायचं नाही, कुणीतरी मोठं माणूस खुर्ची टाकून बसलेलंच पाहिजे. आमच्याकडं ती ड्युटी आप्पांची, पेपरसकट.

अजून एक, जे मला तिसऱ्या दिवशी कळलं. आमच्या अंगणात शहाबादी फरशी. दुपारी ती अशी तापते की चप्पल काढून दोन पावलं टाकली की माणूस नाचतो. त्यावर नुसता प्लॅस्टिकचा टब ठेवला तर बूड मऊ पडतं. मग आईनंच माळ्यावरची जुनी सोलापुरी चादर काढून चौपदरी घालून दिली खाली. माझ्या लग्नाच्याही आधीची चादर, लाल-पांढरी, एवढी वर्षं धुऊन धुऊन एक धागा निघालेला नाही. टबला मी साडेतीन स्टार देते, चादरीला पाच.

पण टब हा दुपारी चार ते सहाचा उपाय. बाकीच्या दिवसाचं काय, तर सोलापुरात उन्हाळ्यात लहान पोरांना घेऊन फिरायचं असेल तर पहिलं घड्याळ बदला, ठिकाणं नंतर शोधा. आम्ही पहिल्या आठवड्यात पुणेरी टाईमनं निघायचो, नऊला आवरून, साडेनऊला गाडीत, म्हणजे पोचेपर्यंत ऊन डोक्यावर आणि पोरं रडकुंडीला. वैनी अक्कलकोटची, तिनं दोन दिवस बघितलं आणि मग म्हणाली, वन्सं, रात्री साडेनऊला पोरं झोपवा, पाचला उठवा, नऊच्या आत घरात. त्यानंतर सगळं सुरळीत झालं. सकाळी सहा ते नऊ बाहेर, अकरा ते चार कूलरसमोर, चार ते सहा टब, सातनंतर पार्क चौपाटी नाहीतर गच्ची. ज्या ठिकाणाला खाली मी चांगलं म्हणतेय ते सकाळी चांगलं आहे, तिथंच तुम्ही बाराला गेलात तर मला शिव्या द्याल.

सगळ्यात स्वस्त आणि जवळचं म्हणजे भुईकोट. शहराच्या मधोमध किल्ला आहे, त्याला लागून सिद्धेश्वर तलाव, दोन्ही एका सकाळीत होतं. आधी सिद्धेश्वराचं दर्शन. देऊळ पाण्याच्या मधे, पोरांना तेवढंच पुरतं, धाकटा कठड्याला चिकटून मासे बघत बसला तो उठेचना. आप्पांनी सिद्धरामेश्वरांची गोष्ट सांगितली, बाराव्या शतकातले, त्यांनी गावाभोवती ६८ लिंगं स्थापन केली. तर थोरलीचा प्रश्न, "सगळी मोजलीयेत का कुणी?" संक्रांतीच्या यात्रेत नंदीध्वज, म्हणजे मानाच्या उंच काठ्या, त्या सगळ्यांना फेरी मारतात म्हणल्यावर तिचं समाधान झालं. मग किल्ला. दुहेरी तट, आत बाग, तोफा, बत्तीस खांबांची जुनी वास्तू, एका बाजूला जुन्या देवळाचे अवशेष. पोरांसाठी खरी मजा म्हणजे मोकळं पळायला जागा आणि भरपूर खारुताया. खांब मोजायचा खेळ आम्ही तीनदा खेळलो, तिन्ही पोरांचे आकडे वेगळे. बुरुजावर मात्र हात धरूनच न्या.

तिथून परत येताना चार हुतात्मा चौकातून आलो. आम्ही पुण्याहून हुतात्मा एक्सप्रेसनं आलेलो, तर पुतळे दिसल्यावर थोरली म्हणाली, आपल्या गाडीचं नाव यांचं आहे का. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकृष्ण सारडा, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे. १९३० च्या मे महिन्यात सोलापुरात मार्शल लॉ लागला आणि पुढं १२ जानेवारी १९३१ ला या चौघांना फाशी दिली, तीही पुण्यात, येरवड्याच्या तुरुंगात. ज्या येरवड्यावरून तिची स्कूलबस रोज जाते. ती काही बोलली नाही, पण रात्री बाबाला फोनवर हेच सांगत होती.

आता जिथं पैसे गेले ते. मी हौसेनं दोघा मोठ्यांना एका समर कॅम्पला घातलं, बारा दिवस, माणशी अठराशे. नाव लिहीत नाही. पत्रकावर कुंभारकाम, बागकाम, मल्लखांब काय काय होतं. प्रत्यक्षात दहा ते बारा एका पत्र्याच्या हॉलमध्ये झेरॉक्स काढलेली चित्रं रंगवायची आणि शेवटी एक बिस्किटचा पुडा. वेळच बघा ना, दहा ते बारा! बाराच्या उन्हात पोरांना स्कूटरवर घरी आणायचं. पाचव्या दिवशी भाचा म्हणाला, आत्या, आज पण पोपट रंगवायचाय, मी हिरवा रंग संपवलाय. सहाव्या दिवसापासून बंद. पैसे परत मागितले तर "मॅडम, पुढच्या वर्षी अॅडजस्ट करू". तुम्ही कुठल्याही कॅम्पला घालायच्या आधी फक्त दोन गोष्टी विचारा, वेळ काय आणि पंखे किती.

आणि त्याच आठवड्यात जे फुकट झालं ते सगळ्यात भारी निघालं. आप्पांचे एक जुने ओळखीचे पूर्व भागात राहतात, त्यांच्या भावाचा चादरीचा कारखाना. टबखालची चादर बघून भाच्यानं विचारलेलं की ही फुलं यावर रंगानं काढलीत का, तर आप्पा म्हणाले चल दाखवतो. सकाळी आठला गेलो. गल्लीत शिरल्यापासूनच खटखट खटखट, आणि बोलणं निम्मं तेलुगूत. आत मागावर, वरच्या बाजूला, भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ फिरत होती. जॅकार्ड म्हणतात त्याला. जिथं भोक तिथं सुई आत जाते आणि तो धागा वर उचलला जातो, भोक नाही तिथं धागा खालीच राहतो, मधून आडवा धागा घेऊन धोटा जातो, की एक ओळ विणली. मग पुढचा पुठ्ठा. म्हणजे फूल अख्खं पुठ्ठ्यात लिहिलेलं असतं, भोकांच्या भाषेत. मी सोलापुरात वाढले आणि मला हे अडतिसाव्या वर्षी कळलं, लाज वाटली थोडी. त्यांनी चादर उलटी करून दाखवली, एका बाजूला लाल जमिनीवर पांढरं फूल, दुसऱ्या बाजूला पांढऱ्यावर लाल. थोरलीला एक जुना फाटका पुठ्ठा दिला, तो तिनं पुण्याला आणलाय आणि कुणाला हात लावू देत नाही. आवाज फार आहे हं, धाकटा दहा मिनिटांत कान धरून बाहेर आला, त्याला आप्पांनी कोपऱ्यावर उसाचा रस पाजला. असं कुणी ओळखीचं असेल तर नक्की विचारा, आणि जाताना दोन चादरी विकत घ्या, लोक कामाच्या वेळात आपल्याला दाखवतात.

नळदुर्ग. हैदराबाद रोडनं पन्नासेक किलोमीटर, जिल्हा धाराशिव लागतो. पावणेसहाला निघालो, सातच्या आत दारात. किल्ला अवाढव्य आहे, तटाचा घेर तीनेक किलोमीटर आणि शंभरावर बुरूज, त्यामुळं पोरांसोबत सगळा बघायचा हट्ट सोडा. आम्ही दोनच ठिकाणं ठरवली, पाणीमहाल आणि उपळी बुरूज. पाणीमहाल म्हणजे बोरी नदीवर बंधारा घातलाय आणि त्या बंधाऱ्याच्या पोटात महाल आहे, १६१३ चा, दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळातला. पावसाळ्यात बंधाऱ्यावरून नर आणि मादी असे दोन धबधबे पडतात आणि आत बसलेल्या माणसाच्या अंगावर थेंब येत नाही, अशी ती करामत. आता मे महिन्यात धबधबे कुठले. मी गाडीत हे सगळं रंगवून सांगितलेलं आणि पोरं पोचल्यावर म्हणतायत, धबधबा कुठंय? दादा म्हणाला, "जुलैत ये की बे, आता पाणी मामाच्या गावाला गेलंय." पण जिना उतरून आत गेलो तर काय गारवा! बाहेर सकाळचे आठ आणि घाम, आत माठातल्यासारखं. झरोक्यातून वारा येत होता. पोरांनी ओरडून आवाज घुमवला, दादानंही घुमवला, तो जरा जास्तच. जिना अंधारा आणि पायऱ्या उंच आहेत, धाकट्याला उचलूनच उतरवला, म्हणून साडी नेसून जाऊ नका हे आईचं मत इथं नोंदवते. उपळी बुरुजावर मोठी दोघं दादाबरोबर चढली, मी खाली. साडेनऊला काळा दगड तापायला लागला आणि आम्ही निघालो. परत येताना रस्त्यात एका हॉटेलात इडली खाल्ली, ती विसरून जाण्यासारखी होती. माझा सल्ला, नाश्ता घरूनच न्या.

नाश्त्याचं सांगतेच. बाहेरगावी नेताना आमचं ठरलेलं, कडक भाकरी, शेंगाचटणी, धपाटे. कडक भाकरी उन्हात खराब होत नाही, चुरमुऱ्यासारखी पोरं नुसतीच कुडुमकुडुम खातात आणि गाडीत सांडली तरी तेलकट होत नाही. चटणी लहान पोरांसाठी आई वेगळी कुटते, तिखट निम्मं आणि थोडा गूळ. दही मात्र नेऊ नका, दोन तासांत आंबट ढाण होतं. ओआरएसची पाकिटं, मोठी थर्मासची बाटली आणि ओले पंचे. पंचा ओला करून मानेवर टाकायचा, अशा वेळी सोलापुरी टॉवेलची किंमत कळते.

केगावच्या विज्ञान केंद्रात एकदा गेलो. चांगलं आहे, हातानं फिरवायच्या, ढकलायच्या गोष्टी, वाकडे आरसे, धाकटा आरशासमोर वीस मिनिटं स्वतःवरच हसत होता. बाहेरच्या बागेतली उपकरणं उन्हात भाजतात, तिथं संध्याकाळीच जा आणि निघण्याआधी त्या दिवशी उघडं आहे ना ते विचारून घ्या. थोरलीला थ्रीडी आवडलं. तिथं मला एक कल्पना सुचली, ती पुढं सांगते.

कुडलबद्दल मात्र मला नीट लिहायचंय. हत्तरसंग कुडल, विजापूर रोडनं निघून पुढं आत वळायचं, चाळीसेक किलोमीटर. भीमा आणि सीना इथं मिळतात. गर्दी नाही, झाडं आहेत, नदीवरून वारा येतो. संगमेश्वराच्या देवळात तुळईवर जुनं मराठी कोरलेलं आहे, शके ९४०, म्हणजे सन १०१८. हजार वर्षांच्या वर. ओळ अशी, "वाछि तो विजेया होईवा". जो वाचेल तो विजयी होईल.

आता आमची थोरली इंग्लिश मीडियमची. मराठी बोलते झकास पण वाचायला दिलं की तोंड वाकडं, जोडाक्षर आलं की "आई, तू वाच ना". या सुट्टीत रोज एक पान वाचायचं असं मी ठरवलेलं आणि ते रोज भांडणावर संपत होतं. मी देवळात तिला काही सांगितलं नाही. आप्पांनी सांगितलं. ते म्हणाले, बघ, ही माझ्या आजोबांच्या, त्यांच्या आजोबांच्या, कितीतरी आधीच्या माणसानं लिहिलेली ओळ आहे, आणि त्यानं लिहून ठेवलंय की वाचणारा जिंकणार. ती मान वर करून बघत राहिली. अक्षरं आताच्यासारखी नाहीत, मलाही सरळ वाचता येत नव्हती. आप्पांनी तीच ओळ वहीत लिहून दिली, तीच पाणी मोजायची वही, आणि ती एकेक अक्षर लावत, मधे मधे वर बघत, "वा... छि... तो..." असं करत शेवटपर्यंत गेली. "होईवा म्हणजे काय?" "होईल." "मग मी झाले का?" भाचा लगेच म्हणाला मी पण, मी पण, आणि त्यानं तर धडाधड वाचलं कारण तो मराठी शाळेत जातो. त्यावर थोडी मारामारी झाली. देवळात.

शेजारच्या हरिहरेश्वराच्या देवळात ते बहुमुखी लिंग आहे, एका लिंगावर ३५९ चेहरे कोरलेले, १९९९ मध्ये सापडलेलं. पोरांनी मोजायला घेतलं, चाळिसाच्या पुढं भाच्याचा घोळ झाला आणि परत पहिल्यापासून. चेहरे बारीक आहेत पण प्रत्येकाचं नाक-डोळं दिसतं. मला विचाराल तर सोलापूरच्या आसपास पोरांना एकाच ठिकाणी न्यायचं असेल तर कुडल. खायला तिथं फारसं काही मिळेल असं धरू नका, नदीत उतरू नका, साधं दिसलं तरी पाण्याचा भरवसा नाही, वरून धरणातून सोडलं की वाढतं.

गोलघुमटाची ट्रिप नवरा आलेला त्या रविवारी. शंभर किलोमीटर, सगळे नऊजण, म्हणून गाडी भाड्यानं घेतली, आणि इथं आमचं नशीब फिरलं. फोनवर "फुल एसी, मॅडम", गाडी आली तर एसी म्हणजे समोरच्या दोघांना झुळूक आणि मागच्या सीटवर भट्टी. ड्रायव्हर बिचारा चांगला, चूक त्याची नव्हती, गाडी पाठवणाऱ्याची. परत आल्यावर फोन केला तर म्हणे उन्हाळ्यात एवढंच होतं. पैसे पूर्ण एसीचे. नाव लिहीत नाही पण तुम्ही गाडी दारात आली की आधी मागच्या सीटवर पाच मिनिटं बसून बघा, मग बॅगा ठेवा. घुमट मात्र घुमट आहे. मोहम्मद आदिलशहाची कबर, तो १६५६ ला गेला, आणि वरच्या घुमटाचा बाहेरून व्यास ४४ मीटर. कोपऱ्यातल्या मिनारातून सात मजले जिना चढायचा, अरुंद, चारचा पोरगा अर्ध्यात बसतोच, नवऱ्यानं खांद्यावर घेतला. वरच्या सज्ज्यात भिंतीला तोंड लावून कुजबुजलं की समोरच्या टोकाला ऐकू येतं. म्हणजे यायला पाहिजे. सत्तर लोक एकाच वेळी शिट्ट्या मारत असतील तर काय येणार. एक क्षण जरा शांतता झाली तेव्हा थोरलीला पलीकडून बाबाचा आवाज आला, "रस पाहिजे का?" तिचा चेहरा बघायला पाहिजे होता. दार उघडल्या उघडल्या पोचा, हे एवढंच.

अक्कलकोट वैनीच्या माहेरी, ते फिरणं नव्हे, जेवण. स्वामींचं दर्शन, अन्नछत्रात प्रसाद, दुपारी तिच्या आईकडं शेंगापोळी आणि झोप. पोरं तिथं दोन दिवस राहिली आणि कानडीत "बा" म्हणजे ये आणि "होगु" म्हणजे जा, एवढं शिकून आली, आता पुण्यात वॉचमनला होगु म्हणतात.

विज्ञान केंद्रात सुचलेली कल्पना म्हणजे शून्य सावली. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात सोलापुरात सूर्य बरोबर डोक्यावर येतो, साडेबाराच्या थोडं आधी. आम्ही टबशेजारी पाण्याची स्टीलची बाटली उभी केली, तिच्या बाजूला भाचा ताठ उभा. सावली बारीक होत होत बाटलीच्या बुडाखाली गेली. "माझी सावली कुठं गेली?" म्हणून धाकटा रडायलाच लागला. फरशी पायाला पोळत होती म्हणून की सावलीसाठी ते आता सांगता येत नाही. पाच मिनिटांत आत आलो. खर्च शून्य, आणि पुण्यात हे दोन-तीन दिवस पुढं होतं, तेव्हा सोलापुरात चुकलं तर तिकडं बघा.

टब अकराव्या दिवशी पंक्चर झाला. मधल्या कड्याला, माशाच्या डोळ्यात. बॉक्समधली पट्टी चिकटवली, ती पाण्यात सुटली. मग दादा गल्लीच्या तोंडाशी असलेल्या सायकलवाल्याकडं घेऊन गेला, त्यानं टब बघितला, दादाकडं बघितला, आणि काही न बोलता वीस रुपयांत पॅच मारून दिला. तो शेवटपर्यंत टिकला. म्हणून टबला अर्धा स्टार कमी, सायकलवाल्याला वाढवा. बुडाचं बूच काढून पाणी सोडायची सोय आहे पण ते इतकं हळू जातं की बादलीच बरी. फुगवायला पायपंपानं पंधरा मिनिटं, दोन माणसं आळीपाळीनं. दोन पोरांना मोठा, तिघांना पुरता, चौथं पोर शेजारचं आलं की पाणी बाहेर. पाणी बाहेर गेलं की आप्पांची वही.

निघताना मी टब घडी करून बॅगेत टाकायला गेले, पुण्यात गॅलरीत होईल म्हणून. आईनं बॅगेतून काढून घेतला. म्हणाली राहू दे हितंच, वर्षाचे गहू यायचेत, धुवायला बरा पडतोय. काल दादानं फोटो पाठवला. अंगणात तीच लाल-पांढरी चादर चौपदरी घातलेली, त्यावर टब, त्यात गहू, आणि खुर्चीवर आप्पा, पेपर घेऊन, ड्युटीवर.